आठ पायांचं मोठेपण

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या वाट्याला 'सर्वात मोठा' हे विशेषण अलीकडच्या काळात दोनदा आलं. पहिल्यांदा ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणासोबत आलं. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि विदर्भातला सर्वात मोठा सिंचन प्रकल्प म्हणून त्याचं नाव भाषणांतून फिरू लागलं. दुसऱ्यांदा ते एका वाघासोबत आलं. नागझिऱ्यात वाढलेला 'जय' २०१३ च्या सुमारास वैनगंगा ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. आशियातला सर्वात मोठा वाघ म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेलं, जेमतेम १८९ चौरस किलोमीटरचं हे नवखं जंगल त्याच्या नावावर चालू लागलं. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा संकेत बंद पडला. जय पुन्हा कोणाला दिसला नाही.

जयला शोधत जिप्सी ज्या रस्त्यांनी फिरायच्या, तशाच रस्त्यांवर आणखी एक मोठं जनावर डोक्यावर लटकत असतं. पावसाळा संपून ऑक्टोबरात जंगल पर्यटकांना खुलं होतं, तेव्हा विदर्भाच्या पानझडी रानात वाटेच्या दोन्ही अंगांच्या झाडांना धागे बांधून एक मादी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली असते. तिचं शास्त्रीय नाव नेफिला पिलिपिस. ताडोबातले गाइड तिला 'जायंट वुड स्पायडर' म्हणून दाखवतात. पाय पसरले की मोठ्या माणसाचा तळहात झाकला जाईल एवढी ती असते, आणि भारतात गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांमध्ये तिच्याहून मोठं कोणी नाही. वाघासाठी सकाळभर थांबणारी माणसं तिच्यासाठी एक किंकाळी आणि एक फोटो एवढाच वेळ काढतात. मग गाडी पुढे जाते.

मोठ्या कोळ्याचं आपल्याला एवढं आकर्षण असतं, आणि ते एवढ्या लवकर भागतंही. या दोन गोष्टी एकाच मुळातून आल्या आहेत, असं मला वाटतं.

जगातला सर्वात मोठा कोळी कोणता, याचं एक उत्तर नाही, कारण मोठं कशाला म्हणायचं यावरच दोन पक्ष आहेत. वजनाने मोजलं तर मान दक्षिण अमेरिकेतल्या थेराफोसा ब्लॉन्डीचा. १८०४ साली लात्रेय या फ्रेंच अभ्यासकाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं. गुयाना, सुरिनाम, व्हेनेझुएला आणि उत्तर ब्राझीलच्या ओल्या जंगलांत ती बिळात राहते. भरलेली मादी दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि १९६५ साली व्हेनेझुएलात सापडलेल्या एका नमुन्याच्या पायांचा पसारा २८ सेंटिमीटर भरला होता. नुसत्या पायांच्या पसाऱ्याने मोजलं तर मात्र लाओसमधल्या गुहांत राहणारा हेटेरोपोडा मॅक्सिमा पुढे जातो. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेतल्या पीटर येगर यांनी २००१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचे पाय ३० सेंटिमीटरपर्यंत पसरतात, धड मात्र पाच सेंटिमीटरच्या आतच राहतं. म्हणजे एकीचं मोठेपण मांसाचं आणि दुसऱ्याचं लांबीचं. जगभरची वर्तमानपत्रं मात्र दोघांनाही एकच उपमा देतात, जेवणाच्या ताटाची. ताट ही उपमा आकार सांगण्यासाठी निवडलेली नसते. जेवायला बसलेल्या माणसाच्या पुढ्यात ते आठ पाय ठेवून द्यायचे असतात.

या आकर्षणाचं पहिलं मोठं चित्र एका बाईने काढलं. मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ॲमस्टरडॅमहून सुरिनामला गेली. किडे आणि त्यांची झाडं यांचा अभ्यास करायला कोणा राजाने तिला पाठवलं नव्हतं, ती स्वतःच्या पैशाने गेली होती. १७०५ साली आलेल्या तिच्या ग्रंथात पेरूच्या फांदीवरचं एक चित्र आहे. त्यात काळा केसाळ कोळी घरट्यापाशी पाठीवर पडलेल्या चिमुकल्या गुंजन पक्ष्याला खातो आहे. या चित्राने युरोप हादरला. १७५८ मध्ये लिनियसने त्या कोळ्याला नाव देताना 'पक्ष्याचा' या अर्थाचा शब्द वापरला आणि 'पक्षी खाणारे कोळी' हे बिरुद त्या साऱ्या कुळाला कायमचं चिकटलं. पुढच्या शतकात काही निसर्ग-अभ्यासकांनी मेरियनला खोटं ठरवलं. घरात बसून काढलेली कल्पना, असा शेरा तिच्यावर बसला. मग हेन्री वॉल्टर बेट्स ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षं राहून परतला. १८६३ च्या त्याच्या पुस्तकात कामेता इथला प्रसंग आहे. झाडाच्या भेगेवरच्या दाट जाळ्यात दोन लहान पाखरं अडकली होती, एक मेलेलं आणि एक मरायला टेकलेलं, आणि त्यांच्याजवळ तसाच मोठा कोळी होता. मेरियनची बाजू राहिली.

खरं तर थेराफोसा पक्षी क्वचितच खाते. तिचं रोजचं जेवण गांडुळं, किडे आणि बेडूक. पण गांडूळ खाणाऱ्या कोळ्याचं चित्र कोणी भिंतीवर लावलं नसतं.

बेट्सच्याच पुस्तकात आणखी एक तपशील आहे, आणि मला तो पाखरांहून मोलाचा वाटतो. त्याच्यासाठी नमुने गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातली मुलं अशाच एका प्रचंड कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखं घरभर फिरवत होती. व्हेनेझुएलातले पियारोआ लोक तर थेराफोसा पानात गुंडाळून भाजून खातात. ज्यांच्या अंगणात हे जनावर आहे, त्यांना त्याची दहशत नाही. त्यांच्यासाठी ते खेळणं आहे, नाहीतर अन्न. अवाढव्य कोळ्याचं भयभरलं कौतुक मुख्यतः तिथे आहे जिथे तो नाही.

एवढं हवंसं वाटणारं मोठेपण नसेल तर माणूस ते तयारही करतो. १९८० साली अर्जेंटिनातल्या सान लुईस प्रांतातून मिळालेल्या सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका जीवाश्माचं वर्णन मारिओ ह्युनिकेन यांनी महाकाय कोळी म्हणून केलं. पायांचा पसारा अर्धा मीटर. नाव ठेवलं मेगॅराक्ने, म्हणजे थोरला कोळी. संग्रहालयांनी त्याच्या केसाळ प्रतिकृती मांडल्या, लहान मुलांच्या पुस्तकांत तो जाऊन बसला. पंचवीस वर्षांनी, २००५ मध्ये, दुसरा नमुना हाती आल्यावर पॉल सेल्डन आणि खुद्द ह्युनिकेन यांनी मिळून जाहीर केलं की हा कोळी नव्हेच, हा पाण्यात राहणारा समुद्रविंचू. कोळ्यांच्या इतिहासातला अर्धा मीटर एका लेखाने पुसला गेला. आज जीवाश्मांत ओळखला जाणारा सर्वात मोठा कोळी चीनच्या अंतर्गत मंगोलियातला, साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या पायांचा पसारा पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या रानातल्या नेफिलाएवढा. इतक्या कोटी वर्षांत कोळ्यांनी आपली मर्यादा फारशी ओलांडलेली नाही.

ती मर्यादा का आहे, हे आधी गॅलिलिओने आणि मग हाल्डेनने समजावून ठेवलं आहे. प्राणी दुप्पट लांब झाला की त्याच्या पायांच्या काटछेदाचं क्षेत्र चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणून मोठं होणं म्हणजे तोच आराखडा फुगवणं नव्हे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये योग्य आकार या विषयावर लिहिलेला निबंध आजही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात. हेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा हिशेब कोळ्याला लावून पाहा. छतावरून पडलेला घरातला बारका कोळी उठून चालू लागतो, थेराफोसा मात्र कमरेएवढ्या उंचीवरून पडली तरी तिचं पोट फुटू शकतं. कोळ्याला आत हाडं नाहीत. बाहेरचं कवच घेऊन तो जगतो आणि वाढण्यासाठी त्याला ते वरचेवर टाकावं लागतं. कात टाकताना तो मऊ आणि असहाय असतो, आणि शरीर जितकं जड तितकं ते काम जोखमीचं. पाय लांब करायला त्याच्या बऱ्याच सांध्यांत स्नायूच नाहीत, तो अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय ताणतो. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात ते म्हणूनच, दाब गेला की पाय मिटतात. अशा यंत्रणेवर चित्रपटातला हत्तीएवढा कोळी एक पाऊलही टाकू शकणार नाही. पडद्यावर आपण ज्याला घाबरतो, तो स्वतःच्याच वजनाखाली कोसळला असता.

तरी भीती जात नाही, कारण भीतीचं मोजमाप वेगळं असतं. २०१७ मध्ये लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या स्टेफनी होल आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची आणि कोळ्यांची चित्रं दाखवली. कोळी पाहताना बाळांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. घाबरायला शिकवलं जाण्याआधीच शरीर सावध होत होतं. त्याआधी, २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात कोळ्यांची धास्ती असलेल्या लोकांना काचेच्या पेटीतल्या जिवंत कोळ्यांसमोर उभं केलं आणि मग त्यांचा आकार रेघ काढून दाखवायला सांगितलं. ज्याची भीती जास्त, त्याची रेघ लांब. तेव्हा सर्वात मोठा कोळी लाओसच्या गुहेत आहे की गुयानाच्या बिळात, या वादाचा एक निकाल मानसशास्त्राने देऊन ठेवला आहे. भीती आकार वाढवते, आणि वाढलेला आकार भीती खरी ठरवतो. ज्याला आपण मोठ्या कोळ्याचं कुतूहल म्हणतो, त्यात बराचसा भाग या वर्तुळात सुरक्षित अंतरावरून एक फेरी मारून येण्याचा असतो. फेरी संपली की कुतूहलही संपतं.

आपल्या परंपरेने कोळ्याकडे असं पाहिलेलं नाही. पवनीत उभं राहून हे म्हणण्याला आधार आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली इथे उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीखालून मोठा बौद्ध स्तूप वर आला. त्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे. बोधीनंतरच्या दिवसांत वादळ उठलं, तेव्हा बुद्धावर फणा धरून त्याला पावसापासून राखणारा तो महाकाय सर्प. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पवनीकरांनाही अजस्र जनावरांची ओढ होती, पण त्यांनी अशा जनावराला राखणदार केलं. त्याच परंपरेतल्या धम्मपदात, तृष्णेवरच्या वर्गात, कोळी आहे. तो छोटा की मोठा याची चौकशी तिथे नाही. स्वतःच विणलेल्या जाळ्यात तो उतरतो, आणि आसक्तीत गुंतलेला माणूस तसाच आपल्याच प्रवाहात पडतो, एवढंच सांगायचं आहे.

मुंडकोपनिषदाने त्याच कोळ्याकडून नेमकी उलटी गोष्ट घेतली. ऊर्णनाभी स्वतःतून धागा काढते आणि परत स्वतःत घेते, तसं अक्षरापासून, म्हणजे अविनाशी तत्त्वापासून, विश्व होतं. यातलं निरीक्षण अचूक आहे. गोल जाळं विणणारे अनेक कोळी जुनं जाळं गिळून टाकतात आणि त्यातली प्रथिनं नव्या धाग्यात पुन्हा वापरतात. नेफिला मात्र या नियमाला थोडी मुरड घालते. तिचं जाळं एवढं मोठं आणि खर्चिक की ती ते सगळं उतरवत नाही, फाटलेला भाग तेवढा काढून डागडुजी करते. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीच्या कथेत तर आकाराचा प्रश्न थेट निकालात निघतो. तिथे शिवाची पूजा कोळी, साप आणि हत्ती असे तिघे करतात आणि क्षेत्राच्या नावात पहिला मान कोळ्याला मिळतो. या साऱ्यांनी कोळ्यात काम पाहिलं. आपण त्याच्यात माप पाहतो.

काम पाहायचं तर पवनीसारखं गाव नाही. इथल्या कोष्ट्यांच्या मागावरची रेशीमकाठी वस्त्रं एकेकाळी बारीक सुतासाठी नावाजलेली होती. भंडाऱ्याच्या या पट्ट्यात ढिवर समाजाने पिढ्यान् पिढ्या ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या राखल्या, त्यांच्या कोशांतून धागा निघाला आणि कोष्ट्याने तो विणला. मग कोळ्याचा धागा मागावर का चढला नाही? प्रयत्न झाले. १७०९ मध्ये फ्रान्समधल्या बाँ द सँतिलेर यांनी कोळ्याच्या रेशमाचे मोजे करून दाखवले. फ्रेंच अकादमीने तपासणीचं काम रेओम्यूरकडे दिलं. त्याचा निष्कर्ष सरळ होता: कोळी एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, आणि रेशमाच्या किड्याला पाला पुरवणं सोपं, कोळ्यांच्या फौजेला माश्या पुरवणं अशक्य. ऐनाचा पाला खाणारी अळी समूहात नांदते, शिकारी नांदत नाही. टसर विदर्भात उद्योग झाला आणि कोळ्याचं रेशीम नवलाई राहिली, यामागचं अर्धं कारण हे.

ही नवलाई पुरी करायची हौस एकविसाव्या शतकात दोघांनी भागवली. सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली यांनी मादागास्करमध्ये नेफिलाच्याच जवळच्या नात्यातल्या सोनेरी कोळ्यांच्या माद्या गोळा करवल्या, हाताने चालणाऱ्या यंत्रावर त्यांचा धागा काढला आणि त्यांना परत सोडून दिलं. दहा लाखांहून अधिक कोळी लागले तेव्हा एक वस्त्र झालं. २००९ मध्ये ते न्यूयॉर्कला मांडलं गेलं, आणि २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तशाच धाग्याचा एक झगा. रंग लावलेला नव्हता, धागाच मुळात सोन्याच्या रंगाचा. आपल्या रानातल्या नेफिलाच्या जाळ्यावर सकाळचं ऊन पडलं की हाच रंग दिसतो.

जिप्सी थांबली तर त्या जाळ्यात आणखी पुष्कळ दिसेल. मादीच्या वरच्या बाजूला, धाग्यांच्या कडेला, पाच-सहा मिलिमीटरचे तांबूस नर असतात. पाहणाऱ्याला ते तिची पिल्लं वाटतात. १९९७ मध्ये कॉडिंग्टन, ओर्मिगा आणि शार्फ यांनी कोळ्यांची वंशावळ मांडून दाखवलं की यात नर खुजे झालेले नाहीत. नर होते तेवढेच राहिले, माद्या वाढल्या. मोठं शरीर म्हणजे जास्त अंडी. म्हणजे ज्या आकाराला पाहून आपण किंचाळतो तो पराक्रमासाठी नाही, आईपणासाठी कमावलेला आहे. त्याच जाळ्यात कधीकधी चांदीसारखी चमकणारी बारीक कोळ्यांची एक जात फुकटात राहते आणि मालकिणीने दुर्लक्ष केलेले किडे चोरून खाते. एका जाळ्यात एवढा संसार असतो, पण तो पाहायला इंजिन बंद करावं लागतं.

मोठं होण्याच्या वाटाही एकच नाहीत. सर्वात मोठं गोल जाळं सर्वात मोठ्या कोळ्याचं नाही. मादागास्करमधली कॅरोस्ट्रिस डार्विनी ही पेराएवढीही नसलेली मादी नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर पंचवीस मीटरपर्यंत धागा टाकते आणि पाण्यावर जाळं टांगते. आजवर तपासलेल्या जैविक धाग्यांत तिचा धागा सर्वात चिवट ठरला आहे. आपल्याकडच्या कोरड्या माळावरचे स्टेगोडायफस सारासिनोरम हे बारके कोळी वेगळीच युक्ती करतात. बाभळीच्या फांद्यांवर शेकडोंनी एकत्र घर बांधतात आणि मिळून स्वतःहून कितीतरी मोठा टोळ लोळवतात. एकाने मोठेपण शरीरात साठवलं, दुसरीने धाग्यात, तिसऱ्यांनी सोबतीत. विक्रमांच्या पुस्तकात मात्र पहिल्याचीच नोंद ठळक असते.

आणि नुसत्या नोंदीवर पोसलेलं आकर्षण निरुपद्रवी राहत नाही. रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत मिळालेल्या एका नमुन्यावरून गडद निळ्या झाडकोळ्याचं वर्णन केलं. पुढची शंभर वर्षं तो कोणाला दिसला नाही. मग नल्लमलाच्या बाजूच्या रानात, गुत्तीपासून दूर, तो पुन्हा सापडला. सापडला आणि जगभरच्या छंदिष्टांच्या काचपेट्यांत पोचला. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. २०१९ च्या जिनेव्हा परिषदेत या साऱ्या पेसिलोथेरिया कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. त्याच कुळातला रिगॅलिस आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत राहतो. उलट दिशेनेही वाहतूक आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपाल उघडलं, तेव्हा छोट्या कुप्यांत चांदीचा कागद आणि कापूस यांत गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी निघाले. कोणाला तरी घरबसल्या मोठेपण वाढवायचं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातली बार्बरा यॉर्क मेन आहे. १९७४ मध्ये तिने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका राखीव रानात झडपेचं दार असलेल्या बिळांना क्रमांक देऊन नोंदी सुरू केल्या. सोळा नंबरच्या बिळातली मादी दिसायला सामान्य, आकाराने कुठल्याच विक्रमात न बसणारी. मेन आणि तिच्यामागून तिच्या सहकारी दर वर्षी त्या बिळापाशी जात राहिल्या. २०१६ मध्ये बिळाचं दार एका गांधीलमाशीने भोसकलेलं सापडलं. मादीचं वय तेव्हा त्रेचाळीस होतं. इतकं जगलेला दुसरा कोळी जगाला माहीत नाही. जगातला सर्वात वयस्कर कोळी कोणी शोधायला निघालं नव्हतं. एक बाई एकाच जागी चाळीस वर्षं लक्ष देत राहिली म्हणून तो सापडला.

महाराष्ट्रातही असं लक्ष देणारे आहेत. पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांची जी पुस्तकं रचली, त्यावर पुढच्या पिढ्या शिकल्या. अमरावती जिल्ह्यात दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात कोळ्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी राहिली. २०२१ मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 'आयशियस तुकारामी' असं नाव मिळालं, दहशतवादी कसाबला जिवंत पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तो कोळी काही मिलिमीटरचा. एवढं मोठं नाव एवढ्या लहान अंगावर ठेवताना संशोधकांना संकोच वाटला नाही, आणि वाचणाऱ्या मराठी माणसालाही त्यात विसंगती दिसली नाही. जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींचा आकडा २०२२ मध्ये ५०,००० वर गेला. पन्नास हजारावी जातही उडी मारणाऱ्या बारक्या कोळ्याचीच होती. विक्रमवीर मोठे कोळी त्या यादीत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत.

मोठ्या जनावराचं आकर्षण वाईट असं मी म्हणणार नाही. जय नसता तर पवनीजवळच्या या जंगलाकडे कित्येकांनी ढुंकून पाहिलं नसतं. पण जय गेला आणि 'सर्वात मोठा' हे बिरुद दुसरीकडे गेलं, तेव्हा इथे जे उरलं त्याच्याकडे पाहायची सवय आपल्याला नव्हती. भीतीतून आलेलं कुतूहल एका नजरेत फिटतं. लक्षाला वेळ लागतो, आणि जंगल टिकतं ते लक्ष देणाऱ्यांमुळे.

लक्ष द्यायला रानातच जायला हवं असंही नाही. लाओसच्या त्या ३० सेंटिमीटरवाल्याचा सख्ख्या कुळातला भाऊबंद, हेटेरोपोडा व्हेनॅटोरिया, आपल्या घरातच राहतो. कॅलेंडरच्या मागे, मोरीच्या कोपऱ्यात, रात्री दिवा लावला की भिंतीवरून सरकन् पळणारा तपकिरी, चपटा, लांब पायांचा तो कोळी हाच. तो जाळं विणत नाही, म्हणून जळमटांचा दोष त्याचा नाही, आणि त्याचं मुख्य खाणं झुरळं. नवरात्राआधी घर झाडायला घ्याल तेव्हा चप्पल उचलण्यापूर्वी एवढं पाहा: त्या कोळ्याच्या पोटाखाली नाण्याएवढी पांढरी चकती धरलेली आहे का. असेल तर ती अंडी आहेत, आणि ती फुटेपर्यंत ती मादी चकती सोडत नाही. तेवढे दिवस तो कोपरा तिला द्या.